सगळे शाळेत आहेत, असं मी सांगितलं

आमच्या गल्लीत मला मुकी म्हणतात. मला बोलता येतं, पण चार बायका जमल्या की मी नुसती हसून मान हलवते. लग्न होऊन सुरतेत बमरोलीला आले तेव्हापासून हे असंच आहे. नळावर बायका म्हणायच्या, "मुकी बोलनी म्हणजे खरंच व्हई." थट्टाच होती ती. पण मी क्वचित बोलते म्हणून माझ्या बोलण्यावर कोणी शंका घेत नसे, हे खरं होतं. याचा कोणाला उपयोग करून घेता येईल, हे मला फार उशिरा कळलं.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मराठी लिहिता-वाचता येतं. गुजराती अक्षरं इथे आल्यावर साड्यांच्या पार्सलवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकले. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम करते. नवरा खाडीकडच्या एका यार्डात रोजंदारीवर होता, शहराबाहेर, इच्छापोरच्याही पुढे. सोमवार ते शनिवार तिकडेच राहायचा. यार्डाच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यात मजूर झोपायचे. आमच्या गल्लीतले सहा जण तिथे होते. सगळ्यांना कामाला लावणारा ठेकेदार एकच, आणि तो माझा मानलेला भाऊ.

तोंडाने मी नवऱ्याला अहो म्हणते. या वहीत 'तो' लिहिते. ही वही कोणी वाचत नाही.

मला सख्खा भाऊ नाही. आई गेली, मग बाप गेला, आणि माहेरचं दार बंद झालं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. त्या दिवशी जिला जायला घर नसतं तिचा दिवस कसा जातो ते तिचं तिलाच माहीत. सुरतेत आल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी हा ठेकेदार आमच्या खोलीवर आला होता. माझ्याच गावचा. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्याचं घर. त्याने विचारलं, "आखाजीले कोठे जास व तू?" मी मान खाली घातली. तो म्हणाला, "मना घर ये. भाऊ शे ना मी."

तेव्हापासून दर आखाजीला मी त्याच्या पांडेसऱ्याच्या घरी जायचे. त्याची बायको गॅलरीतल्या हुकाला दोर बांधून झोका करायची. पुरणपोळी, आमरस, निघताना साडी. मी झोक्यावर बसले की रडू येऊ नये म्हणून मोठमोठे झोके घ्यायचे. त्या माणसाने भर दुपारी सांगितलं असतं की रात्र झाली, तर मी उठून दिवा लावला असता.

वादळाचं मला कळायला लागलं ते अंगणवाडीतल्या एका सभेमुळे. पालिकेकडून एक साहेब आणि एक बाई आले होते. पडद्यावर नकाशा दाखवला. समुद्रात पांढरा भोवरा, त्याच्यापुढे एक रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांनी रुंद होत गेलेला आकार. मला ते सूप वाटलं. साहेब हिंदीत समजावत होते. लोक रेघ बघतात आणि म्हणतात, आपल्यावरून जात नाही. रेघ बघू नका. वादळ या रुंद आकारात कुठूनही जाऊ शकतं, आणि वारा तर त्याच्याही बाहेर पोचतो. आज लांबचा अंदाज आहे म्हणून आकार रुंद आहे, जवळ येईल तसा तो पक्का होत जाईल.

बाकीच्या बायका नाश्त्याच्या पुड्याकडे बघत होत्या. मी मागे भिंतीला टेकून बसले होते, आणि मला ते सगळं कळत होतं. चौथीनंतर पहिल्यांदाच मला शाळेत बसल्यासारखं वाटलं. सुपात जे आहे ते सगळं पाखडलं जाणार. दाणा कुठला नि फोल कुठलं, हे आधीपासून कोण सांगणार?

शेवटी ती बाई म्हणाली, "वाऱ्याने माणूस सहसा मरत नाही. वाऱ्याने उडवलेल्या पत्र्याने मरतो. पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. आणि वारा लाटांसारखा येतो, मध्ये पडतो. पडला म्हणून बाहेर निघू नका." मला यार्डातल्या खोल्या दिसल्या. तिला काही विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक वादळ उठलं. टीव्हीवर रोज ते सूप दाखवत होते आणि सुरत सुपाच्या तोंडाशी होती. बहुतेक माणसं सुट्टी घेऊन आली, माझा नवरा नाही आला. मी साडीचं काम बाजूला ठेवलं आणि बस, मग शेअर रिक्षा करून एकटीच यार्डाच्या गेटवर गेले. वॉचमनने विचारलं, "किसको मिलना है?" आता आली पंचाईत. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी घेतलेलं नाही कधी. मी उभीच. तो म्हणाला, "अरे नाम तो बोलो." मी मोबाइलमधला लग्नाचा फोटो काढून दाखवला. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि आत हाक मारली, "ए मूंछवाला, तेरी दुल्हन आई है लेने को!"

सगळे हसले. तो पिशवी घेऊन खाली मान घालून बाहेर आला. आणि ते वादळ वळलं. समुद्रातच फिरलं, दूर गेलं. दोरीवरचे कपडेसुद्धा नीट हलले नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गुजराती काकी राहतात, त्या म्हणाल्या, "मैं तो पहले से बोलती थी, माताजी सुरत को संभालती है." यार्डात पुढे कितीतरी दिवस त्याला 'दुल्हनवाला' म्हणायचे. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाला, "परत गेटवर येवानं नही."

"नाही येणार," मी म्हटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आखाजी होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा दुसरं वादळ उठलं.

या वेळी मी मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवायला लागले. आज वादळ कुठे आहे, किती लांब आहे, कुठल्या दिशेला चाललंय. मुलगी नववीत होती. ती फोनवर बघून सांगायची, मी लिहायचे. पहिल्या दिवशी सूप एवढं रुंद होतं की त्यात अर्धा किनारा मावत होता. मग रोज निमुळतं होत गेलं. रेघ समुद्रातूनच जात होती, किनाऱ्याला धरून वर सरकत. सुरत रेघेवर नव्हती. पण सुपाच्या कडेवर होती, आणि तीन दिवसांत एकदाही सुपाबाहेर गेली नाही. हवामान खात्याची माणसं दर वेळी तेच सांगत होती. मच्छीमारांच्या होड्या परत बोलावल्या. पालिकेची गाडी भोंगा लावून फिरली, पतरावाळा मकानमां रहेशो नहीं. एका सकाळी मुलीचा फोन एकाएकी सायरनसारखा ओरडला. ती घाबरून म्हणाली, "मम्मी, सरकारका मेसेज है." गुजरातीत होता. मी अक्षर अक्षर लावून वाचला. उद्या दुपारपासून जोराचा वारा, कच्च्या आणि पत्र्याच्या जागा सोडा.

आता आणखी काय सांगायला पाहिजे होतं त्यांनी? सगळं सांगितलं होतं. मला कळलंही होतं. मी पिशवी भरली. गेटवर येणार नाही असा शब्द दिला होता, पण मी जाणार होते. बाहेरून कोणाकरवी तरी निरोप देईन, त्याला बाजूला बोलावून घेईन, असा विचार करत होते. शेजारीण भिंतीला भिंत लागून राहते, तिचा नवराही तिथेच होता. ती दारात येऊन म्हणाली, "चालनी का? थांब, मी बी येस." तिला माझी सोबत हवी होती, मला तिचं बोलणारं तोंड.

तेवढ्यात भावाचा फोन आला.

"बहीण, टीव्ही देखी ऱ्हायनी का?"

"हो भाऊ. मी निघालेय तिकडेच."

"कसाले? यार्डमा कोणीच नही. बठ्ठासले सकाळीच शाळामा हलवं. पक्की, स्लॅबनी शाळा शे. जेवण शे, पाणी शे. तू तठे जाशी आन हात हलवत परत येशी."

 मग कशी कोण जाणे, मला हिंमत झाली. म्हटलं, "भाऊ, खरं ना?"

तो हसला. "मना घरना झोकावर बसेल शे ना तू? त्या झोकानी आण."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. तरी मी म्हटलं, "त्यांना देता का जरा?" थोडा वेळ गेला. मग नवऱ्याचा आवाज आला, "हां, बोल."

"शाळेत आहात ना?"

"हां. शाळामाच शे."

मागे कोणीतरी लोखंडावर ठोकत होतं. ठण ठण ठण. मी विचारलं, "तो आवाज कसला?"

"खिडक्यासले पाट्या ठोकी ऱ्हायनात."

"जेवलात?"

"हां. ठेव आते."

परत भाऊ बोलला. "आते एक काम कर. बाकीन्या बायासले सांगी दे. मी फोन कया तं त्या शंभर गोष्टी इचारतीन. तुनं लगेच ऐकतीन."

मी फोन ठेवला. शेजारीण उंबऱ्यात उभी होती, हातात पाण्याची बाटली, पायात चपला. मी म्हटलं, "सगळे शाळेत आहेत. स्लॅबच्या. मी यांच्याशी बोलले."

"मना बी?"

"सगळे."

तिने एक श्वास सोडला, तिथेच चपला काढल्या आणि आत येऊन बसली. "माय व, मना जीव टांगेल व्हता. चहा ठेव." आम्ही चहा प्यायलो. मग मी उरलेल्या चार घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या दारात जाऊन आपण होऊन बोलले. एक जण म्हणाली, "तू सांगी ऱ्हायनी म्हणजे प्रश्नच नही." मला, खोटं कशाला लिहू, अभिमान वाटला. चार दारं आणि माझं एक, शेजारणीचं एक. सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं आली आणि आमच्या पत्र्याच्या खोल्यांतून आम्हालाही शाळेत घेऊन गेली. जवळचीच शाळा, दुसरा मजला. बाकांवर मुलं झोपली, आम्ही खाली सतरंजीवर. बायका खुशीत होत्या. "तठे बी शाळा, आठे बी शाळा. म्हतारपणी बठ्ठा शिकी गयात." दुसरी म्हणाली, "तठे भांडा कोण घासत व्हई?" शेजारीण म्हणाली, "मना तं ताट बी उचलत नही. मास्तरनी छडी खाई आज." मीही हसले.

दुपारी वारा आला. त्याच्या आधी आभाळ पिवळट झालं होतं. शाळेच्या खिडकीतून समोरच्या कारखान्याचं छप्पर दिसत होतं. त्याचा एक पत्रा कडेने उचलला जायचा आणि परत बसायचा, उचलला जायचा आणि बसायचा. मग उडाला. कागदासारखा गेला. बायकांनी ओरडून खिडकी लावून घेतली. वारा खरोखर लाटांसारखा येत होता, मध्येच एकदम शांत व्हायचं, आणि शांततेत कोणीतरी म्हणायचं, गेलं वाटतं. मी म्हणायचे, "अजून नाही." दोन-तीनदा म्हटलं. त्या दिवशी मी खूप बोलले.

संध्याकाळी वारा उतरला. शाळेच्या शिपायाच्या फोनवर बातम्या लागल्या. वादळ किनाऱ्याला न लागता समुद्रातून वर सरकलं होतं. सुरत बचावली, असं ती बातम्या देणारी मुलगी हसून म्हणाली. आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. तेव्हा माझ्या मुलीचा फोन वाजला.

काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. शाळा नव्हतीच. कोणाला कुठे हलवलं नव्हतं. यार्डाचे बाकीचे मजूर आदल्या दिवशीच निघून गेले होते. आमच्या गल्लीतले सहा जण मोठ्या शेडवर दोर आणि वाळूच्या गोण्या बांधायला मागे राहिले. मी फोनवर ऐकलं ते ठोकणं त्याच शेडचं होतं. दुपारी वारा सुरू झाल्यावर ते खाली आले. मग वारा पडला. एक दोर सुटला होता. तेवढा बांधून येऊ म्हणून दोघं वर चढले. पुढची लाट आली तेव्हा शेजारणीचा नवरा पत्र्यासकट गेला. माझा खाली पडला, त्याच्यावर लोखंडी पट्टी.

त्याचा जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र लुळं पडलं.

शेजारणीच्या घरी मी गेले त्या दिवशी तिला सगळ्या बायका धरून बसल्या होत्या. ती रडत नव्हती. मला पाहून ती म्हणाली, "मी चपला घालेल व्हत्या."

एवढंच. बाकी कोणी काही बोललं नाही. मीही नाही. माझी जागा त्यांनी सरकून दिली नाही म्हणून मी दाराशी उभी राहिले आणि थोड्या वेळाने परत आले. ती मग तेराव्यानंतर गावाला निघून गेली. नळावर मी गेले की बायका आपले हंडे उचलायच्या. शिव्या देत नव्हत्या. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कोणाला काय सांगणार होते? मलाही फसवलं, एवढंच ना? ते तर त्यांना दिसत होतं. पण त्यांच्या दारात भाऊ आला नव्हता, मी गेले होते.

दवाखान्यात भाऊ एकदाही आला नाही. नवऱ्याला घरी आणल्यावर काही दिवसांनी आला. हातात केळी आणि सफरचंदं. खाटेजवळ बसला, नवऱ्याच्या हाताला हात लावला, आणि मग मला म्हणाला, "बहीण, चौकशीले माणसं येतीन. बायासले बी इचारतीन. तू फक्त सांग, आम्हले गडीमाणसांनी स्वतः फोन करी सांगं व्हतं की आम्ही मर्जीथीन थांबेल शेत. तुनं ऐकतीन."

मला वाटतं माझा आवाज मलाच परका वाटला. मी म्हटलं, "तुम्ही झोक्याची आण घेतली होती."

"अरे, ते तुले धीर द्यासाठे."

"तुम्ही त्यांना थांबवलं. तुम्ही माणूस मारलात. यांना असं केलंत. यांच्या हातात फोन देऊन, समोर उभं राहून खोटं बोलायला लावलंत. आणि माझ्या तोंडून बायकांना..." पुढे येईना. मुलगी कोपऱ्यात पुस्तक धरून बसली होती, ती माझ्याकडे बघतच राहिली. मी एवढं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

भाऊ उठला. त्याचाही तोल गेला होता. "माले काय बोलस? मी कोणाले बांधी ठेयेल नव्हतं. मी सांगं, जो थांबी त्याले यार्डना कायमना पास भेटी, कायमनं काम. सहाच्या सहा हात वर. आन शाळानं..." तो थांबला. नवऱ्याकडे पाहिलं. "सांग ना तू. मनावर कसाले घालस?"

नवरा भिंतीकडे तोंड करून होता.

"शाळानी गोष्ट यानी काढी," भाऊ म्हणाला. "मी म्हणनू, बाया येतीन गेटवर. यानी सांगं, मनी बायकोले सांग शाळामा शेत. ती बाकीन्यासले सांगी, आन तिनं बठ्ठ्या खरं मानतीन. ते यानं डोकं शे, मनं नही."

तो गेला. केळी तिथेच राहिली. मी मुलीला दुकानात पाठवलं. मग खाटेच्या पायथ्याशी बसले. विचारलं, "खरं का?"

 तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "तू परत गेटवर येती. फोटो दाखाडती."

"म्हणून?"

"कायमना पास व्हता. तुले काय समजस? सहा महिनामा एकदा कामवरथीन काढतस, परत घेतस. पास ऱ्हायता तं..." तो थांबला. "अन् वादळ काय, दरसाल वळसच."

मी त्याला सांगितलं नाही की वळलं तरी सुरत सुपात होती, तीन दिवस मी वहीत लिहीत होते. त्याला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानेच फोनवर विचारलं होतं त्या आठवड्यात, "आज काय म्हणस तुना टीव्ही?" मी वाचून दाखवलं होतं. पत्र्याखाली थांबू नका, हेही वाचून दाखवलं होतं. माझ्याकडून ऐकलं, आणि माझाच वापर केला.

भावाचं मला आता तेवढं लागत नाही. मानलेला होता, मानणं सोडून दिलं. या वर्षी आखाजीला त्याच्या बायकोचा फोन आला, मी उचलला नाही. पण दवाखान्यापासून ते भाऊ केळी घेऊन आला तोपर्यंत, इतके दिवस, मी याला स्वच्छ करताना, कूस वळवताना, मनात एकच म्हणत होते, याच्याकडून जबरदस्तीने बोलवून घेतलं. ठोकण्याच्या आवाजाचं विचारलं तेव्हा 'खिडक्यांना पाट्या' हे त्याला किती पटकन सुचलं, हे मी मनात येऊ देत नव्हते. अजूनही मी त्याला स्वच्छ करते. कूस वळवते. फक्त मनात काही म्हणत नाही.

चौकशीला माणसं आली, मी सांगितलं फोन कोणाचा आला, काय म्हणाला. नवऱ्याने सांगितलं, ठेकेदाराने थांबवलं. मी तिथेच चहा करत होते. उरलेल्या चौघांनीही तेच सांगितलं. पाचही जणांचं ठरलेलं असणार. हात वर केल्याचं कोणीच सांगितलं नाही. मीही नाही. मला कोणी विचारलंच नाही.

वादळाच्या वर्षीच, पावसाळा संपत आला तेव्हा शेजारीण गावाहून परत आली. खोली सोडायला, सामान न्यायला. दोन दिवस भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. आत आली नाही. मी खडे चिकटवत होते, हात पुसून उठले. नवरा आतल्या बाजूला, पडद्यामागे खाटेवर.

ती म्हणाली, "एक इचारू? खरं सांगशी?"

मी मान हलवली.

"त्याले थांबाडं, का तो थांबना?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती वाळली होती. हातात काही नाही, कपाळावर काही नाही. ती म्हणाली, "मना दीर म्हणस, त्यानी सोता हात वर कया. पाससाठे. आम्हना इचार नही कया. मी त्याले म्हणनी, खोटं. तसं ऱ्हातं तं तो माले सांगता. रोज फोन करे. माले सांगताच नही ऱ्हाता का?"

खरं माझ्यापाशी होतं. मी ते दिलं असतं तर माझ्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं. तिने मला सांगितलं असतं, मग तुझा काय दोष, त्यांनीच आपल्याला फसवलं. दोघी एका ओझ्याखाली बसलो असतो. मला हे पाहिजे होतं. किती पाहिजे होतं हे लिहिता येणार नाही. त्या गल्लीत माझ्याशी दोन शब्द बोलणारी ती एकच होती.

आणि मग ती गावाला जाऊन उरलेलं आयुष्य त्या माणसाबद्दल तेच घेऊन बसली असती, जे मी रोज घेऊन बसते. माझा निदान समोर आहे. मी त्याला विचारू शकले. ती कोणाला विचारणार?

मी म्हटलं, "थांबवलं."

"खरं?"

"ठेकेदाराने थांबवलं. गेट लावून घेतलं होतं. त्यांना यायचं होतं."

तिचे डोळे भरले. तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवत राहिली. "माले माहीत व्हतं. माले माहीत व्हतं." मग तिने माझा हात धरला, पहिल्यांदा, आणि लगेच सोडला. गेट लावून घेतलं होतं ना, मग मी चपला घालून गेले असते तरी काय झालं असतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. किंवा मलाच तसं वाटून घ्यायचं होतं. ती गेली. थोड्या वेळाने टेम्पोचा आवाज आला.

पहिल्यांदा तिला खोटं सांगितलं तेव्हा मला ते माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. आणि तिने दोन्ही वेळा सारखाच विश्वास ठेवला.

पडद्यामागून नवरा म्हणाला, "बरं कयं तू."

त्याला वाटलं मी ते त्याच्यासाठी केलं. त्याला वाचवलं, त्याचं नाव झाकलं. आवाजात त्याच्या सुटका होती, लहान मुलासारखी. मी पडदा बाजूला केला नाही. अर्धी राहिलेली साडी उचलली, डिंकाची बाटली घेतली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून त्याने हाक मारली. परत मारली. मी खडा उचलून फुलाच्या मध्यावर ठेवला आणि तो नीट चिकटेपर्यंत बोटाने दाबून धरला.